पीक घेतलं, पण सातबाऱ्यावर नाव नाही: मराठवाड्यातला गायरानाचा प्रश्न नेमका काय आहे?

सप्टेंबर २०२५. परभणीसह जवळपास सगळ्या मराठवाड्यात पावसाने थैमान घातलं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, कापसाची बोंडं काळी पडली, कुठे तर पिकाखालची मातीच वाहून गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. मग गावोगावी एकच चर्चा सुरू झाली, खात्यावर पैसे कधी येणार?

पण प्रत्येक गावात काही घरं अशी असतात, जी या चर्चेत नसतात. त्यांचंही सोयाबीन गेलेलं असतं. बी-बियाण्यासाठी त्यांनीही उसनवारी केलेली असते. फक्त त्यांनी पेरलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव असतं ‘महाराष्ट्र शासन’. कारण ती जमीन गायरान असते.

परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणारं बोरी घ्या किंवा मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. गायरान हा शब्द माहीत नाही असा माणूस तिथे सापडणार नाही. पण ही जमीन कुणाची, ती कसणारे अतिक्रमणदार की हक्कदार आणि आता तिथे सोलर प्रकल्प का येतायत, याची उत्तरं विचारली की गोंधळ सुरू होतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा.

गायरान म्हणजे काय?

साध्या भाषेत, गावातल्या जनावरांना चरण्यासाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. मालक सरकार, वापर गावाचा आणि देखरेख बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीकडे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी अशी जमीन चराई, स्मशानभूमी, गावठाण अशा कामांसाठी राखून ठेवू शकतात. पुढे याच कायद्यात कलम २२-अ आलं. त्याने गायरान दुसऱ्या कामासाठी वापरण्यावर निर्बंध घातले. सार्वजनिक प्रकल्पासाठी दुसरी जमीनच मिळत नसेल, तर काही अपवाद ठेवले.

कागदावर हे सोपं वाटतं. पण मराठवाड्यात गायरानाचा इतिहास जनावरांपुरता कधीच नव्हता.

भूमिहीन माणूस गायरानावर का गेला?

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जमीन मोजक्या घराण्यांकडे एकवटलेली होती. दलित कुटुंबांच्या वाट्याला गावकीची कामं, सालगडीपण आणि मजुरी होती. कूळकायदे आले तेव्हा फायदा झाला तो कूळ म्हणून नोंद असलेल्यांचा. ज्याची नोंदच नव्हती, जो फक्त मजूर होता, त्याच्या हातात काहीच आलं नाही.

अशा माणसासमोर गावात एकच मोकळी जमीन होती, ती म्हणजे गायरान. खडकाळ, काटेरी झुडपांची, कुणी न कसलेली. दगड वेचून, बांध घालून लोकांनी ती लागवडीखाली आणली.

हे फक्त एकेकट्या कुटुंबांनी केलं असं नाही, त्यामागे संघटित चळवळही होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १९५० च्या दशकात मराठवाड्यात आणि १९५९ मध्ये राज्याच्या इतर भागांत. ६ डिसेंबर १९६४ ला, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी, रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह सुरू केला. लाखो लोकांनी अटक करून घेतली. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली मुख्य मागणी होती.

जमीन कसायला लागलं की गावातलं नातंही बदलतं. स्वतःची दोन एकर ज्वारी असलेला माणूस दुसऱ्याच्या शेतात सालाने राहायला तयार होत नाही. मजुरीचा दर ठरवताना तो ‘नाही’ म्हणू शकतो. म्हणूनच गायरानावरून गावागावांत संघर्ष झाले. उभ्या पिकात जनावरं सोडणं, रस्ता अडवणं, मारहाण, बहिष्कार असे प्रकार घडले. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या अनेक गावांना त्याची मोठी झळ बसली. वरवर वाद नावाचा होता. पण गावपातळीवर त्यात जमीन आणि मजुरीचे जुने रागही मिसळलेले होते.

१९९० मध्ये ॲड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियान सुरू केलं आणि बीडपासून मराठवाडाभर गायरानाचा प्रश्न पुन्हा उचलला. ‘जग बदल घालुनी घाव’ या त्यांच्या आत्मकथनात या लढ्याचा मोठा भाग आहे. जमीन ताब्यात ठेवायची, पीक घ्यायचं आणि त्याच वेळी कागद जमवायचे, अशी या कामाची पद्धत होती.

दंडाची पावतीच पुरावा

या लढ्यातली सगळ्यात गमतीशीर आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुरावा.

सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलं म्हणून तहसील कार्यालय दंड लावतं आणि त्याची पावती देतं. आता हीच पावती सांगते की अमुक साली, अमुक गटात, अमुक माणसाचा ताबा होता. म्हणजे गुन्ह्याचा कागद हाच हक्काचा पुरावा होतो. त्यामुळे कार्यकर्त्यांनी लोकांना एकच सांगितलं, पावती फाडा आणि जपून ठेवा.

याशिवाय तलाठ्याकडे ‘गाव नमुना १-ई’ नावाची नोंदवही असते. गावातल्या सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंद तिच्यात होते. जुन्या पीकपाहणीतल्या नोंदी, एकसाली पट्टे, पंचनामे, अतिक्रमणाच्या जुन्या खटल्यांची कागदपत्रं हेही उपयोगी पडतं. पण ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याची चाळीस वर्षांची मेहनत कागदावर शून्य ठरते.

सरकारने हक्क दिले की नाही?

दिले, पण तारखेच्या अटीवर.

१९७८ मध्ये सरकारने आधीची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात अनुसूचित जाती-जमाती आणि इतर पात्र भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायची, असं त्यात ठरलं. १४ एप्रिल १९९० ही तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाशी जोडलेली आहे.

अशी जमीन मिळाली की कसणारा ‘भोगवटादार वर्ग २’ होतो. म्हणजे जमीन कसता येते, वारसांना मिळते, पण परवानगीशिवाय विकता येत नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, तारखेच्या आतले असूनही अनेकांचे दावे वर्षानुवर्षं पडून असल्याची तक्रार संघटना करत आल्या आहेत. दुसरी, १९९० नंतर ज्यांनी जमीन कसायला घेतली त्यांचं काय? १९९२ मध्ये ज्याने पहिली पेरणी केली, त्याची आज तीन दशकं उलटून गेली. तरी त्याला ही सवलत लागू होत नाही.

इथे वनहक्क कायद्याशी तुलना केली की फरक लक्षात येतो. २००६ च्या या कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे, दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने याच कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. गायरान कसणाऱ्यांसाठी असा कायदाच नाही. त्यांचा सगळा आधार शासन निर्णयांवर आहे आणि शासन निर्णय नव्या निर्णयाने बदलता येतो.

मग कोर्ट काय म्हणालं?

२८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाने ‘जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात निकाल दिला. प्रकरण पंजाबमधल्या पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावच्या तळ्याचं होतं. तळं भरून काही लोकांनी बांधकाम केलं होतं. गावच्या सामायिक जमिनी पैसा, दहशत आणि राजकीय वजन वापरून बळकावल्या जातायत, याची कोर्टाने गंभीर दखल घेतली आणि सगळ्या राज्यांना अशी अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना आखायला सांगितलं.

महाराष्ट्राने १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढून गायरानाच्या वाटपावर आणि अतिक्रमणं नियमित करण्यावर कडक बंधनं घातली.

पण त्या निकालात एक अपवादही आहे, जो बहुतेक वेळा सांगितला जात नाही. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना यासारखी सार्वजनिक सोय असेल, तर अशा अपवादात्मक प्रकरणांत नियमितीकरण करता येईल, असं कोर्टाने म्हटलं होतं. म्हणजे निकालाचा रोख तळी आणि कुरणं गिळणाऱ्या बलदंडांवर होता, भूमिहीनांसाठी फट ठेवलेली होती. गावात निकाल पोहोचला तो मात्र ‘गायरान खाली करा’ एवढाच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने याच विषयाची स्वतःहून दखल घेतली आणि अतिक्रमणं हटवण्याची मुदत घालून दिली. तेव्हा समोर आलेले आकडे असे: राज्यात सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर गायरान, त्यातल्या १०,०८९ हेक्टरवर अतिक्रमण आणि अतिक्रमणांची संख्या सुमारे २ लाख २२ हजार.

या आकड्यांचा साधा हिशेब करून बघा. १०,०८९ हेक्टर भागिले २ लाख २२ हजार, म्हणजे एका अतिक्रमणाला सरासरी साडेचार गुंठे. साडेचार गुंठ्यांत शेती होत नाही, घर आणि अंगण होतं. सरासरीत मोठी अतिक्रमणंही लपतात हे खरं. तरीही यातली बहुतेक अतिक्रमणं ही घरं असणार, हे उघड आहे. दुसरी गोष्ट, एकूण गायरानातला हा वाटा सव्वादोन टक्के आहे.

नोटिसा निघायला लागल्यावर राज्यभर खळबळ उडाली. ही घरं सरसकट पाडणार नाही, अशी भूमिका सरकारने घेतली. जुलै २०२३ मध्ये वंचित बहुजन आघाडीने मुंबईत गायरानधारकांचा मोर्चा काढला. पण धोरण ठरून प्रश्न मिटला, असं झालेलं नाही. नोटीस थांबली की लोक निर्धास्त होतात आणि पुन्हा आली की धावपळ सुरू होते.

आता सोलर कुठून आलं?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मुळे.

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा या योजनेचा हेतू आहे. रात्री बारा वाजता मोटर चालू करायला शेतात जाणं काय असतं, हे परभणीच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. साप-विंचू, अंधार आणि थंडी. त्यामुळे ही मागणी जुनी आणि रास्त आहे.

त्यासाठी कृषी वाहिन्यांच्या उपकेंद्रांजवळ सोलर प्रकल्प उभे करायचे आहेत. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांत १५ लाख रुपयांचं अनुदान आहे.

एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. योजनेचं उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटचं आहे. म्हणजे राज्यभर ६४ ते ८० हजार एकर जमीन लागेल. ती सलग, सपाट आणि स्वस्त हवी. सरकारी जमीन म्हटलं की यंत्रणेची नजर पहिल्यांदा गायरानाकडे जाते.

आणि तिथे आधीच कुणीतरी पेरलेलं असतं किंवा कुणाच्या शेळ्या चरत असतात. म्हणूनच राज्यातल्या अनेक गावांतून या जागांना विरोध झाला.

यात बारकावा असा आहे. खासगी शेतकऱ्याची जमीन गेली तर त्याला भाडं मिळतं. ग्रामपंचायतीला अनुदान मिळतं. कंपनीला वीज विकून पैसे मिळतात. गायरान कसणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसल्यामुळे त्याला भाडं नाही, मोबदला नाही आणि पुनर्वसनही नाही. कागदावर ती जमीन ‘रिकामी’ होती.

मग चराईचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. गायरान कसणारे सगळेच भूमिहीन नसतात. काही ठिकाणी गावातल्या वजनदार माणसांनीही बांध सरकवून गायरान आपल्या शेतात घेतलेलं आहे. आणि गायरान संपलं तर पहिला फटका बसतो तो मेंढपाळांना आणि दोन-चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बायकांना. ती माणसंही गरीबच आहेत. ‘गायरान वाचवा’ आणि ‘गायरान द्या’ या दोन्ही मागण्या अनेकदा एकाच वस्तीतून येतात.

म्हणून सरसकट उत्तर चालत नाही. कुणाच्या नावावर आधीच जमीन आहे, कुणाच्या नाही, कोण कधीपासून कसतोय, चराईला किती जागा उरली, हे गावागावांत मोजावं लागेल. ते मोजमाप न करता ‘सगळं काढा’ किंवा ‘सगळं नियमित करा’ म्हटलं की फायदा होतो तो मोठ्या अतिक्रमणदाराचा. कारण वकील लावायची आणि तहसीलमध्ये खेटे घालायची ताकद त्याच्याकडेच असते.

नाव नसल्याने आणखी काय काय जातं?

पीक गेलं तरी मदत नाही. पीककर्ज नाही, म्हणून सावकार आणि मायक्रोफायनान्स. वर्षाला ६ हजार रुपये देणारी पीएम-किसान नाही. ॲग्रीस्टॅकमधला शेतकरी ओळख क्रमांक जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. त्यामुळे जसजशा योजना या क्रमांकाला जोडल्या जातायत, तसतसा नोंद नसलेला शेतकरी आणखी बाहेर पडतोय.

आणि एक गोष्ट तर फार लोकांना माहीतच नसते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ (१) (ज-३) नुसार सरकारी किंवा सार्वजनिक जमिनीवर अतिक्रमण केलेली व्यक्ती ग्रामपंचायत सदस्य होऊ शकत नाही. २०१८ मध्ये ‘जनाबाई’ प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की, अतिक्रमण मूळ कुणीही केलेलं असो, त्या जागेत राहणारा किंवा ती वापरणारा सदस्यही अपात्र ठरतो.

गायरानावर हडपणूक करणाऱ्याने गावाचा कारभार करू नये, हा या तरतुदीचा हेतू योग्यच आहे. पण गावातली अख्खी वस्ती गायरानावर असेल तर? अनुसूचित जातीसाठी राखीव वॉर्डात उभं राहायचं, निवडून यायचं आणि मग विरोधकाने घराच्या जागेवरून तक्रार केली की पद गमवायचं. आरक्षणाने दिलेली खुर्ची घराच्या कागदाअभावी जाते.

जमीन देण्याची सरकारी योजना आहे ना?

आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून सुरू आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन सरकार विकत घेऊन देतं. विधवा आणि परित्यक्ता महिलांना प्राधान्य आहे. आधी निम्मं कर्ज आणि निम्मं अनुदान होतं. २०१८ पासून ही योजना १०० टक्के अनुदानाची झाली. तेव्हा जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाखांची मर्यादा ठरली.

पण त्या भावात जमीन विकायला तयार होणारा माणूस गावात सापडायला हवा. रस्त्यालगतच्या गावांत जमिनीचे भाव कुठे पोहोचलेत हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे योजना चांगली असूनही जमीन मिळणं अवघड होतं. मग माणूस फिरून येतो तो गायरानापाशीच.

देशाचं चित्रही याला धरूनच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींचं लोकसंख्येतलं प्रमाण १६.६ टक्के आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत कसल्या जाणाऱ्या जमिनीतला त्यांचा वाटा मात्र नऊ टक्क्यांहूनही कमी आहे.

गावाला काय करता येईल?

पहिलं, ग्रामसभा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायला हवी. कोरम आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे बोरीसारख्या मोठ्या गावातही शंभर माणसं जमली की सभा कायदेशीर होते. वस्तीतली शंभर माणसं ठरवून गेली तर विषय टाळणं कठीण जातं.

मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. गायरानाची मालकी सरकारची आणि अंतिम निर्णय महसूल खात्याचा. ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांना बांधून ठेवत नाही. पण ही जमीन रिकामी नव्हती, इथे इतकी कुटुंबं कसत होती आणि इतकी जनावरं चरत होती, हे सरकारी दप्तरात नोंदवण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर हाच कागद कामाला येतो.

दुसरं, नोंदी. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, गाव नमुना १-ई ची नक्कल मागता येते. मिळाली नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. त्यातून दोन गोष्टी कळतात. आपलं नाव आहे की नाही आणि मोठं अतिक्रमण नेमकं कुणाचं आहे.

तिसरं, नोटीस आली तर गप्प बसायचं नाही. लेखी म्हणणं द्यायचं, त्याची पोच घ्यायची आणि १९९० च्या आधीचा ताबा असेल तर १९९१ च्या शासन निर्णयाचा आणि जगपाल सिंग निकालातल्या अपवादाचा उल्लेख करायचा.

हे सगळं करूनही १९९० नंतरच्या कुटुंबांचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी सरकारला नवी तारीख ठरवावी लागेल किंवा वनहक्कासारखा कायदा करावा लागेल. आणि सोलरसाठी गायरान घेताना तिथे कसणाऱ्यांना भाड्यात किंवा मोबदल्यात वाटा द्यायचा की नाही, याचं उत्तर द्यावं लागेल. दिवसा वीज हवी हे खरंच आहे. पण तिची किंमत गावातल्या सगळ्यात गरीब घराने एकट्याने का मोजायची?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. गावात ग्रामसभा बहुतेक याच तारखांना होतात. पुढच्या सभेत तीनच प्रश्न विचारून बघा. आपल्या गावात गायरान किती? त्यावर कोण कधीपासून आहे? आणि ते कुणाला देण्याचा प्रस्ताव आलाय का? उत्तर तोंडी नको, कार्यवृत्तात लिहून मागा.